आदत बैलाचे दात बघता, मग ट्रॅक्टरचा एचपी कोण बघणार?

परवाच्या जत्रेतल्या ट्रॅक्टर ओढण्याच्या स्पर्धेवर मी इथे चार ओळी टाकल्या होत्या. काल दिवसभर त्यावरून फोन आले. दोघांनी शिव्या घातल्या. एकाने "तुम्हाला काय कळतंय ट्रॅक्टरमधलं, तुम्ही बातम्या लिहा" म्हणून सुनावलं. यात्रा कमिटीतल्या एका जुन्या मित्राने "जरा जपून लिही, गावाची बदनामी होते" असा प्रेमळ दम दिला. म्हणून आता चार ओळी नाही, सविस्तरच लिहितो. पोस्ट मोठी आहे, चहा घेऊन बसा. शिव्या द्यायच्या असतील तर शेवटपर्यंत वाचून द्या.

ज्यांनी ही स्पर्धा बघितलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मोकळ्या रानात पट्टा आखतात. वाळूने नाहीतर दगडाने भरलेली ट्रॉली हेडला जोडतात, आणि ठरलेलं अंतर कोण कमी वेळात ओढतं ते घड्याळावर बघतात. काही गावांत पंजाबसारखं टोचन असतं, म्हणजे दोन ट्रॅक्टर पाठीला पाठ करून साखळीने बांधायचे आणि कोण कोणाला ओढून नेतं ते बघायचं. डबल ट्रॉली रिव्हर्स घ्यायची स्पर्धा वेगळी, ती निव्वळ ड्रायव्हरच्या हाताची कला आहे, तिथे एचपीचा प्रश्नच नाही. माझं भांडण ओढायच्या स्पर्धेशी आहे. स्पर्धेशीही नाही खरं तर, तिच्या पोस्टरशी आहे. पोस्टरवर काय असतं? "४५ एचपीपर्यंत एक गट, ५० एचपीपर्यंत दुसरा, त्यावर खुला गट." खाली पंचांचा निर्णय अंतिम राहील, वगैरे.

आता सांगा, हा ट्रॅक्टर ४५ एचपीचा आहे हे पंचाला कसं कळलं? बॉनेटवरचा स्टिकर बघून. फार तर आरसी बुक बघून. झालं. एवढीच तपासणी.

गुन्हा कबूल करून टाकतो. दोन वर्षांपूर्वी याच तालुक्यातल्या एका स्पर्धेची बातमी मीच केली होती. "४५च्या ट्रॅक्टरने ५५ला लोळवले" असं हेडिंगही मीच दिलं होतं. बातमी गाजली. आठ दिवसांत ती मोठी करून एका विक्रेत्याच्या शोरूमबाहेर फ्लेक्सवर लागली, आणि त्याच महिन्यात त्याची पाव पान जाहिरात आमच्याकडे आली. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. मग एका संध्याकाळी डिझेल पंपाचं कॅलिब्रेशन करणारा एक मिस्त्री चहाच्या टपरीवर हसत हसत म्हणाला, "साहेब, तुमच्या त्या ४५वाल्याचा पंप माझ्याकडेच झालाय. तो ४५चा राहिलाय कुठं?"

त्या दिवसापासून हा विषय डोक्यात आहे. त्या मिस्त्रीकडे मी नंतर तीन-चार वेळा जाऊन बसलो, थोडं वाचलं, दोन इंजिनिअर मित्रांना पिडलं.

आपल्याकडचे ५०च्या आतले बहुतेक ट्रॅक्टर अजून जुन्या पद्धतीच्या, म्हणजे मेकॅनिकल डिझेल पंपावर चालतात. किती डिझेल इंजिनात जायचं याची वरची मर्यादा त्या पंपावरचा एक स्क्रू ठरवतो. कंपनी तो बसवून सील करते. सील तोडून स्क्रू फिरवला की जास्त डिझेल जातं आणि जोर वाढतो. मागून काळा धूर निघतो तो न जळलेल्या डिझेलचा. दुसरा स्क्रू गव्हर्नरचा, म्हणजे इंजिन जास्तीत जास्त किती फेऱ्यांपर्यंत पळेल त्याचा. तोही उघडला की २२००ला बांधलेलं इंजिन त्याच्या कितीतरी वर जातं. मिस्त्रीच्या हिशेबाने साध्या इंजिनात पाच-सात एचपी सहज वाढतात, टर्बो असेल तर त्याहून जास्त. पान्हा आणि स्क्रूड्रायव्हरचं काम, अर्धा तास. स्टिकर मात्र तोच.

यात आणखी एक गोम आहे. १ जानेवारी २०२३ पासून ५० एचपीच्या वरच्या नव्या ट्रॅक्टरना प्रदूषणाचे ट्रेम-४ हे कडक निकष लागू झाले. ते पाळायचे तर इंजिनात इलेक्ट्रॉनिक यंत्रणा आली, म्हणजे किंमत वाढली. मग बाजारात ५०च्या जरा खाली बसणाऱ्या मॉडेलांची गर्दी झाली. ४९, साडेएकोणपन्नास, एक पॉइंट इकडे एक पॉइंट तिकडे. त्यात बेकायदा काही नाही, कंपन्या त्यांचा धंदा करतायत. पण आपल्या जत्रेतला सगळ्यात चुरशीचा गट कोणता? ५०पर्यंतचा. म्हणजे सगळ्यात जास्त गाड्या, सगळ्यात मोठी ईर्षा आणि सगळ्यात सहज फिरणारा स्क्रू, तिन्ही एकाच गटात. आणि तिथेच आपण स्टिकर वाचून नाव लिहून घेतो.

आता मला हे सांगा. त्याच जत्रेत सकाळी बैलगाडा शर्यत असते. तिथे आदतचा गट वेगळा, दुसाचा वेगळा, चौसाचा वेगळा. बैल गटात घ्यायचा तर चार जाणती माणसं त्याचा जबडा उघडतात, दात बघतात. मालक देवाची शपथ घेऊन "आदतच आहे" म्हणाला तरी चालत नाही. कुस्तीच्या मैदानात गटात उतरायचं तर पैलवान आधी काट्यावर उभा राहतो. डेअरीत अर्धा लिटर दूध घातलं तरी फॅट आणि एसएनएफ लागतो. आणि उसाच्या काट्याचं तर मी बोलायलाच नको! काटामारीविरुद्ध याच तालुक्यातल्या लोकांनी रस्ते अडवलेत, मी त्या मोर्च्यांच्या बातम्या केल्यात. कारखान्याच्या काट्यावर विश्वास नाही म्हणून आधी खासगी काट्यावर गाडी तोलून मग कारखान्यात नेणारे शेतकरी तुम्ही आम्हीच आहोत. तेच आपण दुपारी ट्रॅक्टरच्या मैदानात गेलो की बॉनेटवरच्या स्टिकरवर डोळे झाकून विश्वास ठेवतो. हे कसं काय?

"अहो, जत्रेची गंमत आहे, एवढं काय मनावर घेता?" हे वाक्य काल तीन जणांनी ऐकवलं. गंमत ज्याची होते त्याला विचारा.

माझ्या मळ्याशेजारी एक अण्णा आहेत. साडेतीन एकर ऊस, एक ट्रॅक्टर, त्याचे हप्ते अजून चालू. पोरगा चोवीस वर्षांचा, चांगला ड्रायव्हर. ट्रॅक्टर जसा शोरूममधून आला तसाच, पंपाला हात लावलेला नाही, कारण वॉरंटी जाईल ही भीती. गेल्या वर्षी पोरगा हट्टाला पेटला. दीड हजार फी भरून ४५च्या गटात उतरला. समोर जे होते त्यातल्या निम्म्यांचा धूर बघूनच लहान पोरानेही ओळखलं असतं. पहिल्या फेरीत हा मागे पडला. दुसऱ्या फेरीत ईर्षेने रेस पूर्ण दाबून क्लच झटक्यात सोडला आणि क्राऊन-पिनियन गेला. ऐन हंगामात ट्रॅक्टर बारा दिवस गॅरेजला. वाहतुकीची कमाई बुडाली, दुरुस्तीचा खर्च वेगळा, हप्ता चुकला तो वेगळा. अण्णांना मी विचारलं, "कमिटीला सांगितलं का नाही?" ते म्हणाले, "काय सांगू पत्रकार? त्यांचा पंप वाढवलाय म्हणून? ते म्हणतील, तुम्हाला कोणी नको म्हटलं होतं वाढवायला?"

आणि खरंच तसंच म्हणतात. मी स्वतः ऐकलंय. नियम मोडणाऱ्याला कोणी काही बोलत नाही, पाळणाऱ्याला वेड्यात काढतात. पंप न वाढवता उतरणारी पोरं आता या गटात हाताच्या बोटावर मोजण्याइतकी राहिलीत. एक तर ती पुढच्या वर्षी पंप वाढवतात, नाहीतर यायचं बंद करतात.

बरं, एचपी म्हणजे तरी काय? पंचाहत्तर किलो वजन एका सेकंदात एक मीटर वर उचलायला जेवढा जोर लागतो तो एक एचपी, मेट्रिकमधला. म्हणजे नुसती ताकद नाही, ताकद गुणिले वेग. आणि एकाच ट्रॅक्टरचे एचपी तीन असतात. इंजिनचा एक, मागच्या पीटीओ शाफ्टवर मिळतो तो दुसरा, आणि प्रत्यक्ष ओढताना हुकावर मिळतो तो तिसरा. गिअरबॉक्समध्ये, हायड्रॉलिकमध्ये, टायर घसरण्यात प्रत्येक पायरीला थोडा थोडा गळतो. स्टिकरवर जो आकडा असतो तो बहुतेक वेळा इंजिनचा असतो, कारण तो सगळ्यात मोठा दिसतो. ५० लिहिलेल्या ट्रॅक्टरला पीटीओवर बेचाळीस-त्रेचाळीस मिळाले तर त्यात फसवणूक नाही, ती यंत्राची रीतच आहे. पण एक कंपनी आकडा कसा धरते आणि दुसरी कसा, यात फरक पडतो. स्टिकरला स्टिकर लावून तुलना करणं तिथेच चुकतं.

खरा आकडा कुठे मिळतो? मध्य प्रदेशात नर्मदेकाठी बुदनीला केंद्र सरकारची कृषी यंत्रांची प्रशिक्षण आणि चाचणी संस्था आहे. देशातल्या ट्रॅक्टर मॉडेलांची तिथे आयएस ५९९४ या मानकाप्रमाणे चाचणी होते. पीटीओवर किती मिळाले, हुकावर किती किलो ओढलं, वजन लावून आणि न लावता किती, साध्या हवेत किती आणि मुद्दाम तापवलेल्या खोलीत किती, सगळं अहवालात असतं. ट्रॅक्टर घेताना आपल्यातल्या कितीजणांनी विक्रेत्याकडे त्या मॉडेलचा चाचणी अहवाल मागितलाय? मीही मागितला नव्हता. आपण विचारतो, "किती एचपी, किती सबसिडी, टूलबॉक्स फ्री का?"

हा मोजमापाचा आग्रह काही माझ्या डोक्यातून आलेला नाही. शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेत नेब्रास्का नावाच्या राज्यात विल्मट क्रोझिअर म्हणून एक शेतकरी होता. त्याने ट्रॅक्टर घेतला तो 'फोर्ड' नावाच्या कंपनीचा. पण हेन्री फोर्डशी त्या कंपनीचा काडीचा संबंध नव्हता, नुसता नावाचा फायदा घेतलेला. ट्रॅक्टर निघाला भंगार. दुसरा घेतला, तोही दगा देणाराच. तिसरा मात्र कंपनीने सांगितलं होतं तेवढं काम करणारा निघाला. तेव्हा त्याच्या लक्षात आलं की खरं सांगणारा आणि थापा मारणारा यांच्यात फरक करायला शेतकऱ्याच्या हातात काहीच नाही. हा गडी विधिमंडळात निवडून गेला आणि १९१९ साली कायदा करून घेतला: विद्यापीठात चाचणी झाल्याशिवाय नवीन मॉडेल राज्यात विकायचं नाही. १९२० पासून चाचण्या सुरू झाल्या. काही कंपन्यांनी अर्ज करून माघार घेतली. का घेतली असेल ते तुम्हीच समजा. त्या प्रयोगशाळेचे आकडे आजही जगात प्रमाण मानतात.

त्याच देशात ट्रॅक्टर पुलिंगचा खेळ पुढे फार वाढला. १९६९ मध्ये आठ राज्यांतल्या लोकांनी एकत्र येऊन एक संघटना काढली ती याच भांडणामुळे, गावोगावचे नियम वेगळे आणि रोज वाद. तिथे भरलेल्या ट्रॉलीऐवजी घसरगाडी असते. ट्रॅक्टर जसा पुढे जातो तशी तिच्यावरची वजनाची पेटी पुढे सरकते आणि ओझं वाढत जातं. कुठवर नेलं ते अंतर मोजायचं. आता माझ्यावर उलटण्यासाठी कोणीतरी म्हणेल, "अमेरिकेत तरी कुठे एचपी मोजतात?" बरोबर आहे. त्यांच्या मोठ्या स्पर्धांत गट मुख्यतः वजनावर असतात, आणि इंजिनात काय बदललेलं चालेल, टर्बो किती, इंजिनचा आकार किती, यावर असतात. पण तिथे पोस्टरवर "४५ एचपीपर्यंत" असं कोणी लिहीत नाही. इंजिन सुधारायचंय? सुधारा, उघड सुधारा, त्या गटात या. तिथल्या गावपातळीवरच्या काही साध्या गटांत मात्र एचपीची मर्यादा असते, आणि तिथे पीटीओला डायनो लावून बघतात. माझं म्हणणं तेवढंच आहे. एक तर मोजा, नाहीतर पोस्टरवरून तो एचपी शब्द काढून टाका.

मोजायचं कसं, याचंही उत्तर आहे, आणि ते वाटतं तेवढं अवघड नाही. पीटीओला ब्रेक लावायचा आणि ट्रॅक्टर पूर्ण रेसवर तो ब्रेक किती जोराने फिरवू पाहतो ते बघायचं. १८२१ साली प्रोनी नावाच्या फ्रेंच इंजिनिअरने हे शोधून काढलं. एक मीटरचा दांडा, त्याच्या टोकाखाली वजनकाटा. पीटीओ मिनिटाला ५४० फेऱ्यांवर फिरत असताना काट्याने ५३ किलो दाखवले, तर पीटीओवर ४० एचपी मिळतायत. हिशेब एवढा सोपा आहे. आजचे डायनो पाण्यावर नाहीतर विजेच्या चुंबकावर चालतात आणि आकडा स्क्रीनवर दिसतो. तत्त्व तेच. (आमच्या वेल्डरने घरी बनवायला घेऊ नये. तेवढी ताकद ब्रेकमध्ये उष्णता होऊन निघते, आणि उघड्या पीटीओ शाफ्टने आपल्याकडे किती हात नेलेत ते सगळ्यांना माहीत आहे.) कृषी अभियांत्रिकी महाविद्यालयं आहेत, ट्रॅक्टर कंपन्यांची सर्व्हिस खाती आहेत. तालुक्यातल्या पाच-सात यात्रा कमिट्यांनी मिळून मागणी केली, भाडं दिलं, तर एक फिरता डायनो हंगामात आणता येणार नाही? डीजेला आपण किती देतो ते इथे लिहीत नाही, तुम्हाला माहीत आहे.

नुसता डायनो आणून भागत नाही, हेही सांगतो. मिस्त्रीलोकांनी मला डायनोला चकवायच्या युक्त्याही ऐकवल्या. मोजताना रेस अर्धीच द्यायची. एअर फिल्टरमध्ये चिंधी कोंबायची. मोजून झालं की गोठ्यामागे जाऊन स्क्रू फिरवायचा. म्हणून मोजताना रेसच्या दांड्यावर हात कमिटीच्या माणसाचा पाहिजे, मालकाचा नाही. मोजल्यावर पंपाला तारेचं सील लागलं पाहिजे, वीज मीटरला असतं तसं. आणि पहिले तीन नंबर आले की बक्षीस देण्याआधी त्या तिघांना तसंच गरम इंजिनसकट परत डायनोवर आणायचं. हे तिसरं सगळ्यात महत्त्वाचं. आधीच्या मोजणीत लपवता येतं. जिंकल्यानंतर शंभर लोकांसमोर, सील शाबूत असताना, काय लपवणार?

गव्हर्नरचं वेगळं बघावं लागेल. ५४०ला अडकवून मोजलं तर त्यात वाढवलेल्या फेऱ्या दिसत नाहीत. त्यासाठी बिगरलोड पूर्ण रेस द्यायची आणि टॅकोमीटरने फेऱ्या बघायच्या. हातात धरायचा टॅकोमीटर हल्ली ऑनलाइन मोबाईलच्या कव्हरासारखा मिळतो. कंपनीच्या आकड्यापेक्षा फारच वर गेला तर गडबड आहे.

आणि मर्यादा किती धरायची? त्या मॉडेलचा बुदनीचा पीटीओचा आकडा घ्या, वर पाच टक्के सूट द्या. एप्रिलमध्ये दुपारी दोनला डिझेल तापलेलं असतं, इंजिन थोडं कमी देतं, सकाळी सातला थोडं जास्त देतं, एवढा फरक धरलाच पाहिजे. एकाच दिवशी, एकाच डायनोवर सगळे मोजले तर आकडा अगदी तंतोतंत नसला तरी सगळ्यांना सारखा असतो, आणि स्पर्धेला तेवढं पुरतं.

आता एक गोष्ट जी पंप वाढवणाऱ्यांनाही माहीत नसते. टोचनमध्ये एचपी जवळजवळ कामालाच येत नाही! हिशेब करा. लो गिअरमध्ये ताशी दोन किलोमीटरने जाणारा ट्रॅक्टर हुकावर १८०० किलोचा ताण देत असेल तर लागतात अवघे तेरा-साडेतेरा एचपी. ४५चं इंजिन तिथे निम्मंसुद्धा वापरलं जात नाही, त्याआधी टायर जागेवर फिरतो. तिथे जिंकतो तो जड ट्रॅक्टर. टायरात पाणी, चाकाला लोखंडी वजनं, पुढे बंपर, टायरची नक्षी नवी. म्हणजे टोचनमध्ये "४५ एचपी गट" म्हणणं हे कुस्तीत उंचीवर गट पाडण्यासारखं आहे. तिथे वजनाचा गट पाहिजे. आणि वजन करायला काही आणावंसुद्धा लागत नाही, उसाच्या पट्ट्यात दर पाच किलोमीटरला वजनकाटा आहे! ट्रॅक्टर काट्यावर घाला, पावती बॉनेटला चिकटवा. उलट ट्रॉली वेगात पळवायची असेल, ताशी आठ किलोमीटरला १५०० किलोचा ताण, तर चव्वेचाळीस एचपी चाकावर लागतात. तिथे पंप वाढवलेला आणि न वाढवलेला यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक पडतो. आपण दोन्हीकडे तेच पोस्टर लावतो.

विक्रेत्यांवर थोडं बोलतो, जाहिरात गेली तर गेली. जत्रेचा मांडव कोणाचा, बक्षीस कोणाचं, ढाल कोणाची? बहुतेक ठिकाणी एखाद्या विक्रेत्याची. दुसऱ्या दिवशी "अमुक मॉडेलचा दणदणीत विजय" असा व्हिडिओ फिरतो आणि शेतकरी तो बघून सात-आठ लाखांचं कर्ज काढतो. जे मॉडेल जिंकलं ते त्याला मिळतच नाही, त्याला शोरूममधलं मिळतं. क्रोझिअरला जो राग आला होता तो हाच. जे विक्रेते म्हणतात आमचा ट्रॅक्टर खरंच ताकदीचा आहे, त्यांना डायनोची भीती वाटायचं कारण नाही. त्यांनीच तो प्रायोजित करावा. नाव मोठ्या अक्षरात लावा, मी फोटो छापतो.

राहिला सुरक्षेचा विषय. वाढवलेला पंप, ताणलेली साखळी, हूक ॲक्सलच्या वर बांधलेला, आणि दोन्ही बाजूंना दोरी धरून उभी असलेली पोरं. ओढताना पुढची चाकं उचलली की ट्रॅक्टर मागे उलटायला एक-दोन सेकंद पुरतात, ड्रायव्हरला क्लच दाबायलाही वेळ मिळत नाही. अमेरिकेत अशा ट्रॅक्टरना मागे टेकू देणारे दांडे आणि घसरगाडीला बांधलेला इंजिन बंद करणारा स्विच सक्तीचा असतो. आपल्याकडे सक्ती फक्त टोपी-उपरण्याची, तीही पाहुण्यांना. पंजाबात ऑक्टोबर २०२३ मध्ये गुरदासपूर जिल्ह्यात ट्रॅक्टरवर स्टंट करताना एका तरुणाचा जीव गेला आणि मुख्यमंत्री भगवंत मान यांनी लगेच अशा स्टंटवर बंदी आणली. तो स्टंट होता, आपली स्पर्धा वेगळी, मान्य. पण बंदी घालणारा असा बारीक फरक करत बसत नाही. बैलगाडा शर्यतीचं काय झालं ते आठवा. २०१४ला सर्वोच्च न्यायालयाने बंद केली. परत सुरू व्हायला डिसेंबर २०२१ उजाडला, आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने शिक्कामोर्तब केलं. ती परत आली ती कशामुळे? राज्याने कायदा केला, नियम लिहिले, जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आली, जनावरांच्या डॉक्टरचा दाखला आला. ट्रॅक्टरच्या स्पर्धेला आज यातलं काही नाही. एक अपघात झाला की दुसऱ्या दिवशी कलेक्टरचा आदेश निघेल आणि मग आपणच "परंपरेवर घाला" म्हणून मोर्चा काढू. परंपरा कसली, दहा-पंधरा वर्षं झालीत.

कमिटीतला मित्र म्हणतो, एवढे नियम लावले तर गाड्याच येणार नाहीत. येतील. ज्या आज येत नाहीत त्या येतील, अण्णांच्या पोरासारख्या. पंप वाढवलेल्यांनाही हाकलू नका. त्यांच्यासाठी गट ठेवा, सरळ "सुधारित ट्रॅक्टर" असं नाव द्या, बक्षीस मोठं ठेवा. मिस्त्रीच्या हाताची कमाल बघायला मीही पुढच्या रांगेत बसेन, त्या कलेला मी नावं ठेवत नाही. माझा आक्षेप ती चोरून ४५च्या गटात घुसवण्याला आहे.

ताबडतोब डायनो येणार नाही, हे मलाही कळतं. या वर्षी एवढं तरी करा. वजनकाट्याची पावती सक्तीची करा. पंपाचं सील तुटलेलं असेल तर गाडी खुल्या गटात घाला. टॅकोमीटर मी स्वतः विकत आणून देतो. आणि हूक ॲक्सलच्या खाली, प्रेक्षक साखळीपासून लांब.

पुढच्या जत्रेच्या तयारीची बैठक गुरुवारी रात्री साडेआठला देवळात आहे. हा मजकूर प्रिंट काढून नेणार आहे. अण्णा येतो म्हणालेत, पोरगाही येईल. तो मिस्त्री मात्र "साहेब, माझं नाव घेऊ नका" म्हणाला, म्हणून घेतलेलं नाही. ज्यांनी काल फोनवर शिव्या दिल्या त्या दोघांनीही यावं, आणि येताना ट्रॅक्टर घेऊन यावा. देवळासमोर जागा आहे, लाईट आहे. बॉनेट उघडून सील बघायला पाच मिनिटं लागतात.